‘जखम भरंना की ओ’: दाह, रक्तक्षय आणि जखमेवर सोलापुरात पीजी थिसिस करताना

“जखम भरंना की ओ डॉक्टर. अंगात रक्तच नाही म्हणतेत.”

सोलापुरात सर्जरीच्या वॉर्डात काम केलेल्या प्रत्येक रेसिडेंटने हे वाक्य ऐकलेलं असतं. बोलणारी व्यक्ती अक्कलकोटकडची असते, मोहोळची असते, नाहीतर सीमेपलीकडून विजयपूरहून आलेली असते. पायाच्या अंगठ्याखाली मधुमेहाची जखम, आठ आठवडे ड्रेसिंग चालू, एचबी (हिमोग्लोबिन) साडेआठ. तिच्या या एका तक्रारीत तीन विषय येतात: न ओसरणारा दाह, कमी पडलेलं रक्त आणि अडलेली ऊती-दुरुस्ती. पॅथॉलॉजी, मेडिसिन आणि सर्जरी अशा तीन विभागांत आपण ते वेगवेगळे शिकतो. रुग्णाच्या अंगात मात्र ते एकत्रच असतात.

एमडी-एमएसच्या पहिल्या वर्षात “थिसिसला विषय काय घेऊ?” असं विचारणाऱ्यांसाठी हा लेख आहे. सगळ्या पायऱ्या मी एकच उदाहरण घेऊन सांगतो: मधुमेहाच्या पायाची जखम, आणि तिच्यासोबत असलेला रक्तक्षय खऱ्या लोहाच्या कमतरतेचा आहे की दाहामुळे आलेला, यावर जखम भरण्याचा वेग बदलतो का? तुमचा विषय वेगळा असेल, सिकल सेल असेल, भाजलेल्या जखमा असतील, संधिवात असेल. तरी अडचणी बहुतेक याच जागी येतात.

माझं मत आधीच सांगतो. थिसिस बिघडतो तो शेवटच्या वर्षी आकडेमोडीत नाही. पहिल्या रुग्णाचं रक्त कधी काढायचं आणि ‘लोहाची कमतरता’ कशाला म्हणायचं हे न ठरवता सुरुवात केली, त्याच दिवशी तो बिघडलेला असतो.

प्रश्न शोधायला वॉर्डाचं रजिस्टर उघडा

पबमेडवर प्रकाशित लेख शोधणं नंतर. आधी तुमच्या युनिटचं मागच्या सहा महिन्यांचं भरतीचं रजिस्टर घ्या आणि मधुमेहाच्या पायाचे रुग्ण हाताने मोजा. त्यातले किती जण दुसऱ्या-तिसऱ्या ड्रेसिंगला परत आले, हे ओपीडीच्या नोंदींवरून ताडून पाहा. या दोन आकड्यांतून तुम्हाला झेपेल तो प्रश्न निघतो.

सोलापूरचं सिव्हिल (१९६३ साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) घ्या, किंवा कुंभारीचं अश्विनी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय घ्या. दोन्हीकडे रुग्ण भरपूर. पण रुग्ण भरपूर असणं वेगळं आणि तेच रुग्ण बारा आठवडे परत येणं वेगळं. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. दवाखान्यात गेलेला दिवस तिच्या घरखर्चातून वजा होतो. ऊसतोडीला जाणारं कुटुंब दिवाळीच्या आसपास बाहेर पडतं ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. आषाढीच्या आधी पंढरपूरकडच्या रुग्णांची तारीख पुढे जाते, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या दिवसांत शहरातल्यांची जाते. त्यामुळे बारा आठवड्यांऐवजी चार आठवड्यांत उत्तर देईल असा प्रश्न निवडा.

सुदैवाने इथे एक चांगला आधार आहे. मधुमेहाच्या पायाची जखम पहिल्या चार आठवड्यांत क्षेत्रफळाने निम्म्यापर्यंत आली, तर ती बारा आठवड्यांत पूर्ण भरण्याची शक्यता बरीच जास्त असते. ‘चौथ्या आठवड्याला क्षेत्रफळात ५० टक्के घट, हो की नाही’ हा निकष रुग्णाला परवडतो आणि तुम्हालाही.

सूज, दाह, ठणका: शब्द आधी ठरवा

वैद्यकीय मराठीत इन्फ्लमेशनला ‘दाह’ म्हणतात. रुग्णाला दाह म्हटलं की छातीतली जळजळ आठवते. ‘सूज’ म्हटलं तर हृदयविकारात पायावर येणारी पाणीदार सूजही त्यात येते. जुन्या ग्रंथांत इन्फ्लमेशनची चार लक्षणं दिली आहेत: लाली, सूज, उष्णता, वेदना. रुग्ण तीच चार एका दमात सांगतो: “पाय लालबुंद झालाय, सुजलाय, गरम लागतोय, रातभर ठणकतोय.” हा ‘ठणका’ तुमच्या प्रश्नावलीत आला पाहिजे. प्रोफॉर्मा लिहिताना इंग्रजी फॉर्म मराठीत उतरवू नका. ड्रेसिंगच्या टेबलाशी उभं राहून दहा रुग्णांचे शब्द टिपून घ्या, आणि मग फॉर्म करा.

फेरिटिनवर डोळे झाकून विश्वास नको

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

शरीरात दाह सुरू झाला की इंटरल्यूकिन-६ यकृताला हेपसिडिन बनवायला लावतं. हेपसिडिन हा छोटासा पेप्टाइड हॉर्मोन पेशीतून लोह बाहेर सोडणाऱ्या फेरोपोर्टिन या दाराला चिकटतो आणि ते दारच मोडून टाकतो. त्यामुळे मॅक्रोफेजमधलं लोह आत अडकतं, आतड्यातून शोषलेलं लोहही रक्तात उतरत नाही. कोठार भरलेलं आहे, पण किल्ली सापडत नाही, अशी अस्थिमज्जेची अवस्था होते. जंतूंना लोह मिळू नये यासाठी शरीराने केलेली ही सोय आहे. पण जखम महिनोन्महिने चिघळत राहिली की तीच सोय रुग्णाला रक्तक्षयाकडे नेते.

फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन, आणि दाहात वाढणाऱ्या प्रथिनांपैकीही एक. म्हणजे पायात पू असलेल्या बाईचं फेरिटिन ६० आलं तर ‘नॉर्मल’ म्हणून पुढे जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार निरोगी प्रौढात लिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या खाली फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता. पण संसर्ग किंवा दाह असेल तर ही मर्यादा ७० पर्यंत वर जाते. त्यासाठी त्याच दिवशीचं सीआरपी (दाहात वाढणारं रक्तातलं एक प्रथिन) हाताशी असायला हवं; ते लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर दाह आहे असं धरतात.

दाहजन्य रक्तक्षय ओळखताना फेरिटिन १०० च्या वर आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहणाऱ्या प्रथिनाचा लोहाने भरलेला भाग) २० टक्क्यांच्या खाली, ही जोडी बहुतेक ठिकाणी वापरतात. टीआयबीसी, म्हणजे रक्ताची लोह वाहण्याची एकूण क्षमता, इथे खूप उपयोगी पडतं. खऱ्या कमतरतेत ते वाढतं, दाहात घटतं. मधल्या पट्ट्यात दोन्ही मिसळलेले रुग्ण सापडतील, आणि त्यांची संख्या तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त असेल. त्यांचा तिसरा गट करायचा की त्यांना वगळायचं, हे सिनॉप्सिसमध्येच (थिसिसच्या सुरुवातीच्या आराखड्यातच) लिहा. नंतर आकडे पाहून ठरवलं तर त्याला संशोधन म्हणता येत नाही.

रक्तक्षयाची व्याख्याही लिहून टाका: पुरुषात एचबी १३ च्या खाली, गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ च्या खाली.

आता या प्रश्नातले तीन सापळे, जे पॅथॉलॉजीच्या बाहेरच्या रेसिडेंटला सहसा कोणी सांगत नाही.

पहिला ईएसआरचा, म्हणजे लाल पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात त्या तपासणीचा. रक्तक्षयातच ईएसआर वाढतो, कारण लाल पेशी कमी असल्या की त्या लवकर खाली बसतात. रक्तक्षयाच्या अभ्यासात दाह मोजायला ईएसआर वापरलात, तर एकच गोष्ट दोनदा मोजून तिचा स्वतःशीच संबंध सिद्ध केल्यासारखं होईल. सीआरपी घ्या. पैसे कमी असतील तर सीबीसीतूनच निघणारं न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर सोबत ठेवा. स्टेरॉइड चालू असलेल्यांत मात्र त्या गुणोत्तराचा अर्थ बदलतो.

दुसरा एचबीएवनसीचा, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणाऱ्या तपासणीचा. लोहाच्या कमतरतेत लाल पेशी जास्त दिवस फिरत राहतात आणि एचबीएवनसी खोटंच वर जातं. रक्तस्राव झाला, पेशी फुटल्या किंवा रक्त चढवलं की ते खाली येतं. मधुमेह किती ताब्यात आहे हे ठरवायला उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही नोंदवा.

तिसरा एमसीव्हीचा, म्हणजे लाल पेशींच्या सरासरी आकाराचा. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी पडू शकतं. लोह कमी आणि बी-१२ ही कमी, असं झालं की लहान पेशी आणि मोठ्या पेशी मिळून सरासरी ‘नॉर्मल’ दिसते. मशीनचा कागद शांत असतो, स्मिअरवर (काचेवर ओढलेल्या रक्ताच्या थरात) मात्र दोन जातींच्या पेशी शेजारीशेजारी दिसतात. म्हणून प्रत्येक रुग्णाचा स्मिअर स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) लिहून ठेवा. एमसीव्ही भागिले लाल पेशींची दशलक्षातली संख्या, हा मेंत्झर निर्देशांक १३ च्या खाली आला तर थॅलॅसेमिया वाहकाची शंका घ्या आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करा. लोहाच्या कमतरतेत एचबीए-टू (वाहकात वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) खाली जाऊन वाहक निसटू शकतो, हेही ध्यानात असू द्या. सोबत क्रिएटिनिन हवंच. मधुमेहात मूत्रपिंड थकलं की त्याचा वेगळा रक्तक्षय येतो आणि तो तुमच्या दोन्ही गटांत मिसळून बसतो.

रक्त डिब्रीडमेंटच्या आधी, मोजमाप डिब्रीडमेंटनंतर

डिब्रीडमेंट म्हणजे जखमेतली मृत ऊती कापून काढणं. वरची ओळ मोठ्या अक्षरात लिहून ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर लावा. माझ्या स्वतःच्या थिसिसमध्ये मी हे लिहिलं नव्हतं. रात्री भरती झालेल्यांचं रक्त सकाळी निघायचं, तोपर्यंत इमर्जन्सी टीमने मृत ऊती काढून टाकलेली असायची. शस्त्रक्रियेच्या जखमेने सीआरपी स्वतःच वाढतं, काही तासांत चढायला लागतं आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर असतं. माझ्या निम्म्या रुग्णांत मी जंतुसंसर्गाचा दाह मोजत होतो, उरलेल्या निम्म्यात सर्जनच्या ब्लेडचा. हे कळलं तेव्हा ४० रुग्ण झाले होते. ते सगळे बाजूला ठेवून मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, आणि त्या चाळीस जणांनी दिलेल्या रक्ताचं वाईट मला आजही वाटतं.

क्षेत्रफळाचं उलट आहे. मृत ऊती काढल्यावर जखम मोठी दिसते, आणि तीच तिची खरी सुरुवात. आधीचं माप धरलंत तर पहिल्या आठवड्यात जखम ‘वाढली’ असं दिसेल.

माप घ्यायला महागडं ॲप लागत नाही. निर्जंतुक पारदर्शक प्लास्टिकचा कागद जखमेवर ठेवा, कायम शाईच्या पेनाने कड काढा, आलेख कागदावर ठेवून चौरस मोजा. लांबी गुणिले रुंदी करू नका. लंबगोल जखमेत ते खऱ्या क्षेत्रफळापेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी जास्त येतं. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, आणि चेहरा, नाव, केसपेपर चौकटीत येऊ देऊ नका. सुरुवातीच्या वीसेक जखमा तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्याने एकमेकांचं न बघता मोजा. दोघांची मापं जुळत नसतील तर आधी पद्धत सुधारा.

वॅग्नरची श्रेणी (जखम किती खोल आणि गंभीर), १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (नायलॉनच्या तंतूने) संवेदना, आणि घोटा-दंड रक्तदाब गुणोत्तर यांची नोंद पहिल्याच दिवशी करा. गुणोत्तर ०.९ च्या खाली म्हणजे रक्तपुरवठा अडलेला, ते १.३ च्या वर गेलं तर समाधान मानू नका, मधुमेहात रोहिणीच्या भिंती कडक झाल्यानेही तसं येतं. ज्या पायात रक्तच पोहोचत नाही, तिथे जखम न भरण्याचं कारण हेपसिडिनमध्ये शोधत बसणं व्यर्थ आहे.

नळ्या आणि सोलापूरचा उन्हाळा

एकाच टोचणीत क्रम पाळा: कोॲग्युलेशन लागणार असेल तर निळ्या बुचाची सायट्रेट, मग लाल बुचाची साधी, शेवटी जांभळ्या बुचाची ईडीटीए. ईडीटीए आधी भरली आणि तिचा अंश साध्या नळीत गेला, तर पोटॅशियम खोटंच वर आणि कॅल्शियम खाली येतं. सायट्रेट नळी खुणेपर्यंत भरा; नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण बिघडलं की निकाल निरुपयोगी.

प्रयोगशाळेच्या पुस्तकातली ‘खोलीचं तापमान’ म्हणजे १८ ते २५ अंश. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी सहज ओलांडतो. वॉर्डाच्या खिडकीत दुपारी दोनपर्यंत पडून राहिलेली नळी त्या व्याख्येत बसत नाही. स्मिअर शक्यतो दोन तासांत ओढा. सीरम वेगळं करून थंड ठेवा. नंतर तपासायचं असेल तर एका नळीऐवजी छोट्या छोट्या कुप्यांत वाटून गोठवा, म्हणजे तेच सीरम पुन्हा पुन्हा वितळणार नाही. उणे वीसचा फ्रीजर वीज गेल्यावर किती तास टिकतो हे तिथल्या टेक्निशियनला विचारा. ते प्रामाणिकपणे सांगतात. त्यांचं नाव थिसिसच्या ऋणनिर्देशात पहिल्या पानावर घ्या. ते त्यांचं हक्काचं आहे.

रुग्ण किती लागतील

समजा, तुमचा अंदाज असा की खऱ्या लोहाच्या कमतरतेच्या गटात ६५ टक्के जखमा चार आठवड्यांत निम्म्या होतील, दाहजन्य गटात ४० टक्के. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता) धरली तर गणित असं: ७.८४ गुणिले (०.६५×०.३५ + ०.४०×०.६०), भागिले ०.२५ चा वर्ग. उत्तर ५८.६, म्हणजे प्रत्येक गटात ५९. पाचातला एक परत येणार नाही असं धरलं तर ५९ भागिले ०.८, म्हणजे ७४. दोन्ही मिळून १४८. हे टक्के मी गणित दाखवायला घेतले आहेत. तुमचे टक्के प्रकाशित अभ्यासातून किंवा स्वतःच्या छोट्या पायलटमधून आले पाहिजेत. मग रजिस्टरच्या मोजणीकडे परत जा. १४८ जमत नसतील तर प्रश्न लहान करा. आकडा लहान करून प्रश्न तसाच ठेवणं म्हणजे रुग्णाची सुई वाया घालवणं.

परवानग्या

हे थोडक्यात, कारण कार्यालयात सगळं सांगतात. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद)-एनआयईचा बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स पहिल्या वर्षातच उरका. सिनॉप्सिस, मग संस्थेची नीतिशास्त्र समिती, तिची तयारी आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांवरून. अभ्यासात औषध, ड्रेसिंग, पीआरपी (रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेटचा द्राव) असं काहीही ‘द्यायचं’ असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, नोंदणी हवी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. नुसतं निरीक्षण असलं तरी नोंदणी करून टाका, पुढे जर्नल विचारतं. थिसिस परीक्षेच्या सहा महिने आधी जमा करायचा असतो, तेव्हा तीन वर्षांतले रुग्ण गोळा करायचे महिने बोटांवर मोजण्याइतकेच उरतात.

संमती चार भाषांत

सोलापूरचा वॉर्ड मराठीत बोलतो, तेलुगूत बोलतो, कन्नडमध्ये आणि उर्दू-हिंदीतही. पूर्व भागातल्या आजीबाई ‘हो हो’ म्हणतात तेव्हा त्यांना मराठी कळली असं गृहीत धरू नका. संमतीपत्र या भाषांत करून घ्या, आणि दुसऱ्या माणसाकडून ते परत मराठीत आणून तपासा. वाचता न येणाऱ्यांसाठी तुमच्या युनिटबाहेरचा साक्षीदार आणि अंगठा.

उपचार करणारा डॉक्टर तुम्हीच आणि संमती मागणाराही तुम्हीच, तेव्हा रुग्णाला ‘नाही’ म्हणता येत नाही. “नाही म्हटलं तर ड्रेसिंग करणार नाहीत” ही भीती तो बोलून दाखवत नाही. शक्य असेल तर संमती दुसऱ्या कुणाला घेऊ द्या. रक्त किती काढणार हे मिलिलिटरमध्ये नव्हे, चमच्यात सांगा: ५ मिली म्हणजे चहाचा एक चमचा. अंगात रक्त नाही असं ज्याला सांगितलं गेलंय, त्याला हा प्रश्न खरोखर छळत असतो.

आणि एचबी ६ निघालं तर उपचार त्याच दिवशी सुरू. अभ्यासासाठी लोह किंवा रक्त थांबवायचं नाही, एक दिवसही नाही. काय दिलं, कधी दिलं, किती पिशव्या, हे नोंदवा. विश्लेषणात त्याचा हिशेब करता येतो. लोहाचे नमुने मात्र रक्त चढवण्याच्या आधीचेच धरा.

आकडे बघताना

सीआरपी आणि फेरिटिन एका बाजूला झुकलेले असतात, काही रुग्णांत शेकड्यांत जातात. सरासरीऐवजी मध्यक आणि चतुर्थक द्या, तुलनेला मान-व्हिटनी चाचणी वापरा किंवा आकड्यांचा लॉग घ्या. बहुचल विश्लेषणात घटक भारंभार कोंबू नका. ५० जखमा भरल्या असतील तर पाचेक घटकांवर थांबा, आणि ते पाच रुग्ण घेण्याआधी ठरवा: रक्तपुरवठा, वॅग्नर श्रेणी, मूत्रपिंड, तंबाखू, वय. तंबाखूत विडी ओढणं, मिश्री लावणं आणि विडी वळणं वेगवेगळं नोंदवा. या शहरात हा फरक न करणं मला पटत नाही. एक्सेलमध्ये भरलेला डेटा दुसऱ्याकडून पुन्हा भरून जुळवा. जामोवी किंवा आर ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. लेखन स्ट्रोबच्या (निरीक्षण-अभ्यास कसे मांडावेत याच्या) यादीप्रमाणे करा; न आलेल्या रुग्णांचा तक्ता लपवू नका. कोण आलं नाही आणि का, हा सोलापूरच्या अभ्यासातला सर्वांत वाचनीय तक्ता असू शकतो.

त्यांना परत आणायचं तर तारीख बाजाराच्या दिवसाला जोडून द्या, एसटीच्या वेळेत बोलवा, आल्यावर रांगेत उभं करू नका. नीतिशास्त्र समितीकडून प्रवासखर्चाची मंजुरी आधीच मागून ठेवा. दोन फोन नंबर घ्या, त्यातला एक शेजाऱ्याचा, तोही रुग्णाच्या परवानगीने. फोनवर आजाराचं नाव घ्यायचं नाही, फक्त “ड्रेसिंगची तारीख आहे” एवढंच सांगायचं.

चौथ्या आठवड्याला ती परत आली की तिच्या हातात तिच्याच भाषेतला एक कागद द्या: एचबी किती होतं, आता किती आहे, गोळी किती महिने घ्यायची, जखम किती होती आणि किती उरली. पहिल्या दिवशी काढलेली जखमेची कड आणि आजची कड त्या कागदावर एकात एक काढून दाखवा. तिला वाचता येत नसलं तरी आतली रेघ लहान झालेली तिला दिसते.